कृषीचं दुसरं सत्र आणि टीसीचा अर्ज

आमच्या कृषी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात अशी बरीच मुलं होती, ज्यांनी बी.एस्सी. कृषी हा आपला पहिला पर्याय कधी मानलाच नव्हता. एकदा-दोनदा ‘नीट’ दिलेली, एमबीबीएस हुकलेलं, बीएएमएसच्या यादीतही नाव नाही, आणि हाताशी असावी म्हणून दिलेली एमएचटी-सीईटी तेवढी कामाला आलेली. मीही त्यातलीच. २०२२ साली देशभरात १७ लाखांहून जास्त मुलं ‘नीट’ला बसली, त्यात मी दुसऱ्यांदा बसले होते. त्याच वर्षी या परीक्षेची कमाल वयोमर्यादा काढून टाकली गेली. अनेकांसाठी ती चांगली गोष्ट झाली. पण आमच्यासारख्यांच्या डोक्यात ‘अजून एकदा देता येईल’ हे कायमचं घर करून बसलं. पुढं कॉलेज सोडायचा विचार यायचा तो याच वाक्याचं बोट धरून.

या विचाराबद्दल आपल्याकडं दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, ‘मन लावून अभ्यास कर, सगळं ठीक होईल.’ दुसरी, ‘मन नसेल तर सोडून दे.’ मला दोन्ही ऐकवणाऱ्यांनी मायेनंच ऐकवल्या. पण मन का लागत नाही, आणि न लागणाऱ्या मनानंही मी रोज सकाळी तासाला कशी काय जाते, हे त्यातून मला कधी कळलं नाही. ते कळत गेलं तसं लिहिते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या कुणाला उपयोगी पडेल, आणि त्यांच्या आई-वडिलांना तर नक्कीच पडावं असं वाटतं.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. जमीन कोरडवाहू. सोयाबीन आणि तूर, दुसरं काही नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला लातूरच्या ट्युशन एरियात ठेवलं, क्लासची फी भरली, खोलीचं भाडं भरलं, डबा लावला. त्या दोन वर्षांत मळणी झाली की सोयाबीन घरात थांबलंच नाही. भाव वाढायची वाट न बघता ते मोंढ्यावर गेलं. गावात माझी ओळख ‘डॉक्टर होणार हाय ती’ अशी होती. आज्जी गुडघा दुखला की मलाच दाखवायची. एवढ्या सगळ्यांनी मिळून जे ठरवलं होतं, ते आपणही ठरवलंय की नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. पडायला वेळही नव्हता. पहाटेपासून रात्रीपर्यंत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र.

निकालानंतर कृषीला नंबर लागला तेव्हा अण्णा म्हणाले, “घेऊन तर ठेव, पुढचं पुढं बघू.” आम्ही घेऊन ठेवलं.

सोडायचा विचार एकदम येत नाही. निदान मला तो विचार म्हणून कळायच्या आधी वागण्यात दिसायला लागला होता. वसतिगृहात सगळ्याजणी बादलीवर रंगानं नाव घालत होत्या, मी घातलं नाही. ॲप्रन नवा शिवून न घेता सीनियर ताईचा जुना मागून आणला. खोलीतल्या तिघींनी मिळून भिंतीवर वेळापत्रक लावलं, कपाटाचे कप्पे वाटून घेतले. माझी ट्रंक मात्र भरलेलीच राहिली आणि तिच्या तळाशी ‘नीट’ची पुस्तकं. मेसमध्ये मी नेहमी शेवटच्या टेबलावर बसायचे. म्हणजे मी तिथं राहायला आलेच नव्हते, मुक्कामाला आले होते.

आणि तरी माझी हजेरी भरलेली होती. ताप असला तरी मी सकाळचं प्रक्षेत्रावरचं, म्हणजे कॉलेजच्या शेतावरचं, प्रात्यक्षिक चुकवलं नाही. पहिल्या सत्राचे ग्रेड चांगले आले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, ही पोरगी रुळली. हीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण घरचे, शिक्षक, सगळे हजेरी आणि मार्क बघतात आणि निश्चिंत होतात. मी तासाला जात होते ती भीतीनं आणि अपराधीपणानं. दोन वर्षांचं सोयाबीन माझ्यावर खर्ची पडलेलं, आता इथंही नापास झाले तर तोंड कुठं दाखवू, एवढंच इंधन होतं. त्यावर माणूस पुष्कळ दिवस चालतो, पण रोज रात्री ‘आपण इथून जाऊ या’ हाच एक विचार सुखाचा वाटतो.

त्याच काळात कॉलेजात एका वक्त्यांचं प्रेरणादायी व्याख्यान झालं. सभागृह भरलेलं. गरिबीतून अधिकारी झालेल्यांच्या गोष्टी, टाळ्या, शेवटी सगळ्यांनी उभं राहून शपथ. बोलले ते मनापासूनच. पण खोलीवर आल्यावर मला आणखीच कोंडल्यासारखं झालं. त्यांच्या बोलण्याचा सारा जोर ‘आई-वडिलांचे कष्ट आठवा’ यावर होता. ते मी विसरलेच कुठं होते? त्याच आठवणीनं मला झोप येत नव्हती.

दुसऱ्या सत्रात, एप्रिलच्या सुमारास, मी कार्यालयात जाऊन टीसीची चौकशी केली. काय काय लागतं हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. आधी प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्यावर विद्यार्थ्याची आणि पालकांची सही. मग ‘नो ड्यूज’चा कागद घेऊन ग्रंथालय, वसतिगृह, मेस, जिमखाना आणि प्रत्येक विभागात फिरायचं, प्रत्येकाची सही-शिक्का घ्यायचा. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि जातीचा दाखला कार्यालयात जमा असतो, तो त्यानंतर मिळतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या पोर्टलवर, चालू असेल तर त्याचं काय करायचं हे आधी विचारून घ्यावं लागतं. पूर्ण न सोडता एखादं सत्र खंडित करून परत येता येतं का, हेही विचारावं. मला ते तिथल्या एका बाईंनी आपणहून सांगितलं. दुसऱ्या खिडकीवरच्या माणसानं मात्र अर्ज देताना सगळ्यांसमोर ऐकवलं, “सीट अडवून ठेवायच्या आणि मग पळून जायचं. तुमच्यामुळं एखाद्या गरजूची जागा गेली.” त्याच्या या बोलण्याचा मला आजही राग आहे. अशा वेळी खिडकीपाशी आलेलं पोरगं आधीच किती वाकलेलं असतं, हे खिडकीच्या आत बसणाऱ्याला कळायला हवं.

अर्ज वहीत ठेवला. सह्या घ्यायच्या आधी कुणाशी तरी बोलावं असं वाटलं आणि विस्तार शिक्षण विभागातल्या (शेतकऱ्यांपर्यंत नवीन गोष्टी कशा पोचवायच्या हे शिकवणाऱ्या) मॅडम आठवल्या. पहिल्या सत्रात आम्हाला ‘ग्रामीण समाजशास्त्र आणि शैक्षणिक मानसशास्त्र’ हा विषय होता. कृषीच्या मुलांना मानसशास्त्र कशाला, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. शेतकऱ्याला नवीन गोष्ट शिकवायची तर माणूस शिकतो कसा हे आधी कळलं पाहिजे, म्हणून तो विषय आहे. मॅडमनी त्यात प्रेरणेचा धडा शिकवला होता, आणि मी तो पाठ करून पेपरात लिहिलाही होता. माझ्याशी त्याचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ‘जाऊ नकोस’ म्हणाल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं. त्यांनी कपाटातून एक प्रश्नावली काढली. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ वॅलेरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आधी फ्रेंचमध्ये तयार केली होती, १९९२ साली इंग्रजीत आली. मॅडमनी विद्यार्थ्यांसाठी मराठी करून ठेवली होती. वर एकच प्रश्न : तुम्ही कॉलेजला का जाता? खाली २८ उत्तरं, आणि प्रत्येक उत्तर आपल्याला किती लागू पडतं त्याला १ ते ७ असे गुण द्यायचे. मी तिथंच बसून भरली. काही उत्तरं नवं शिकण्यातल्या आनंदाची होती, त्यांना मी थोडे गुण दिले. काही पुढं चांगली नोकरी, चांगला पगार मिळावा अशी होती, तिथं मधले गुण. मग एक वाक्य आलं, त्याचा अर्थ असा : कॉलेजला यायला एके काळी माझ्याकडं चांगली कारणं होती, आता पुढं चालू ठेवावं की नाही असं वाटतं. त्याला मी सरळ ७ दिले आणि डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मनातलं वाक्य कुणीतरी, मी जन्मायच्याही आधी, छापून ठेवलं होतं.

आणखी एका गटाला मी जवळपास पूर्ण गुण दिले होते. मी हुशार आहे, मी हे पुरं करू शकते, हे स्वतःला सिद्ध करून दाखवायचं म्हणून कॉलेजला येणं, अशी ती वाक्यं. मॅडमनी बेरीज केली आणि दोन आकड्यांखाली रेघ ओढली. एक हा ‘सिद्ध करण्या’चा, दुसरा ‘का येते तेच कळत नाही’चा. म्हणाल्या, “तू आळशी आहेस किंवा तुला प्रेरणा नाही, असं यात कुठंच दिसत नाही. प्रेरणा ढीगभर आहे. ती तुझी नाही, एवढंच.”

मग त्यांनी अमेरिकेतल्या डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं समजावून सांगितलं. आपण प्रेरणा म्हणजे कमी-जास्त असणारी एकच गोष्ट समजतो. त्यांच्या मते तिची जात महत्त्वाची. एका टोकाला बक्षीस किंवा शिक्षा. त्याच्या अलीकडं लाज, अपराधीपणा, ‘नाक राहिलं पाहिजे’ : बाहेरचा माणूस आत येऊन बसलेला असतो आणि तोच हाकत असतो. त्याच्या अलीकडं ‘काम आवडत नाही, पण माझ्या आयुष्यात त्याचा उपयोग मला पटलाय’. आणि दुसऱ्या टोकाला कामातच गोडी. यातली कुठली प्रेरणा आपल्यात रुजेल हे तीन गोष्टींवर ठरतं : आपल्याला निवड करता येते का, आपल्याला काही जमतंय असं वाटतं का, आणि आजूबाजूला आपली माणसं आहेत का. मी माझ्यापुरतं बघितलं. निवड माझी नव्हती. दोनदा हरून आल्यामुळं काही जमतं यावर विश्वास नव्हता. आणि माणसं जोडायचीच नाहीत असं मी बादलीवर नाव न घालून ठरवूनच टाकलं होतं.

वॅलेरँड यांच्या गटानं १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या कनिष्ठ महाविद्यालयांतल्या हजारावर मुलांकडून अशाच प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. सत्राच्या शेवटी सक्तीचा फ्रेंचचा अभ्यासक्रम कुणी पुरा केला आणि कुणी सोडला ते बघितलं. टिकलेल्यांमध्ये गोडीनं किंवा पटलं म्हणून शिकणारे जास्त निघाले, सोडणाऱ्यांमध्ये ‘का करतोय कळत नाही’ हे जास्त. नंतर १९९७ मध्ये ४,५३७ शाळकरी मुलांचा अभ्यास करून त्यांनी त्याची साखळी मांडली. शिक्षक, पालक, शाळेचा कारभार मुलांना निवडीला जागा ठेवत नाहीत, तिथं मुलांचा स्वतःवरचा विश्वास आणि हे आपलं आहे ही भावना कमी होते. त्यानं प्रेरणा पातळ होते. मग सोडायचा विचार येतो, आणि त्यानंतर सोडणं. हे मी पुढं ग्रंथालयात शोधून वाचलं. विचार हा शेवटून दुसरा टप्पा आहे हे वाचून मला धीर आला. म्हणजे तो आला की पुढचं पाऊल ठरलेलंच असतं असं नाही. मागं जाऊन आधीच्या कड्या बघता येतात.

मे महिन्यात मी घरी गेले. अर्ज बरोबर होता. रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर अण्णांना दाखवला. आई आतून ऐकत होती. अण्णा बराच वेळ तो कागद हातात घेऊन बसले. मग म्हणाले, “सही पायजे तर देतो. पर कशापायी सोडायलीस तेवढं मला समजू दे. परत नीट द्यायचीय का?”

मी म्हटलं, “मला डॉक्टर व्हायचंय का तेच मला कळंना गेलंय, अण्णा.”

“मग हितं काय वाटायलंय?”

“हितलं बी मला कुणी इचारलं नव्हतं.”

अण्णांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली. कागद माझ्या हातात दिला. “हे ठेव तुझ्यापाशी. ज्या दिवशी तुला वाटंल त्या दिवशी दे. मला इचारायची गरज न्हाई. क्लासच्या पैशाचं डोक्यातून काढ, ते आम्ही आमच्या हौसंनं घातलं.” आई आतून म्हणाली, “आन् काय बी केलंस तरी घरला ये म्हंजे झालं.”

ती सही मिळाल्यावर जायची घाई निघून गेली. हे वाचताना विचित्र वाटेल, पण दार आतून उघडता येतं हे कळल्यावर खोलीत बसवतं. सगळ्यांच्या बाबतीत असंच होईल असा माझा दावा नाही. एखादीला सही मिळाल्यावर खरंच निघून जावंसं वाटेल, आणि तेही बरोबरच असेल. पण पालकांना मी हात जोडून सांगते, पोरगं असं काही बोललं तर पहिल्या वाक्याला कष्टांचा हिशोब काढू नका.

त्याच सुट्टीत पेरणीच्या बियाण्याचा विषय निघाला. त्या वर्षी घरचंच सोयाबीन बियाण्याला ठेवलं होतं. मी अण्णांना म्हटलं, आधी उगवण तपासू. ओलं गोणपाट अंथरलं, पोत्यातून वरून, मधून, तळातून मूठमूठ काढून त्यातले न निवडता १०० दाणे मोजले, दहा-दहाच्या ओळीत ठेवले, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी केली आणि सावलीत ठेवून दिली. रोज थोडं पाणी शिंपडायचं. आठवडाभरानं गुंडाळी उलगडली तेव्हा शेजारचे काकाही बघायला आले. मी चांगले कोंब मोजत गेले : ६४. सोयाबीनची उगवण ७० टक्के असेल तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं, त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं, ६० च्याही खाली गेली तर ते बियाणं पेरायचंच नाही. म्हणजे आमचं ३३ किलो. अण्णांनी तोंडानंच हिशोब केला आणि विचारलं, “खोल किती टाकायचं?” अण्णा इतकी वर्षं पेरत आलेले. त्यांनी मला काही विचारावं आणि मला उत्तर माहीत असावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. “तीन-चार सेंटिमीटर, जास्त नको,” मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांचं बियाणं आणून दिलं.

मला आनंद झाला, पण त्या क्षणी शेतीची गोडी लागली असं सांगितलं तर खोटं होईल. तेव्हा एवढंच वाटलं की मला एक गोष्ट जमते.

गोडी लागली ती तिसऱ्या सत्रात, कीटकशास्त्राच्या पेटीनं. या विषयात प्रत्येकाला किडे जमवून पेटी करावी लागते. आमच्या सरांनी यादी दिली नाही. म्हणाले, एक पीक निवडा, त्यावरचे जेवढे सापडतील तेवढे आणा. मी सोयाबीन निवडलं, कारण ते मला पाठ होतं. त्या वर्षी, २०२३ ला, ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला होता. शंभर वर्षांहून जास्त काळात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. उभी पिकं माना टाकत होती. अशात घरी गेले असताना एका झाडाचा शेंडा सुकलेला दिसला, खालचा भाग मात्र हिरवागार. अशी झाडं मी लहानपणापासून बघत आलेय. अण्णा उपटून टाकायचे, आम्ही ‘वाळलं’ म्हणायचो. आता वाकून बघितलं तर खोडावर दोन बारीक खाचा, बांगडीसारख्या गोल, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. चक्रीभुंग्याची मादी अशा दोन खाचा पाडते आणि त्यांच्या मध्ये अंडी घालते. वरच्या भागाचा रस तुटतो म्हणून शेंडा सुकतो. मी ते खोड नखानं उभं चिरलं. आत पिवळसर अळी होती. ज्या रानात मी वाढले, तिथं माझ्या डोळ्यांसमोर हे दर खरिपात चाललं होतं आणि मला माहीत नव्हतं.

भुंगा पकडला, किलिंग बॉटलमध्ये, म्हणजे किडे मारायच्या बाटलीत, घातला, आणि वसतिगृहात टेबललॅम्पखाली टाचणी लावत बसले. भुंग्याला टाचणी लावायची ती उजव्या पंखावरच्या कवचातून, मधोमध नाही. फुलपाखराला छातीच्या मधून, ढेकणाच्या जातीच्या किड्याला पाठीवरच्या त्रिकोणातून. पाय सारखे पसरून द्यायचे, मिशा मोडू द्यायच्या नाहीत. खोलीतल्या दोघी शेजारी बसून लेबलं लिहीत होत्या : गाव, तारीख, पीक, गोळा करणाऱ्याचं नाव. रात्रीचे किती वाजले ते कुणी बघितलं नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीत महिनाभर होता. ट्रंक कधी रिकामी केली ते मला आठवत नाही, पण पेटी ठेवायला जागा हवी होती, म्हणजे तेव्हाच केली असणार.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे सगळं फार सोपं वाटेल. माझ्या खोलीतली तिसरी मुलगी हिंगोलीकडची होती. ती पहिल्यापासून कृषीच घ्यायचं म्हणून आलेली. प्रक्षेत्रावर सगळ्यांच्या आधी पोचायची, मातीचा नमुना कसा घ्यायचा ते मला तिनंच शिकवलं. त्या प्रश्नावलीत तिचे गुण बघितले असते तर ती कॉलेज सोडेल असं कुणी म्हटलं नसतं. तिनं दुसऱ्या वर्षी सोडलं. घरात कर्ता माणूस गेला, मागं दोन लहान भावंडं, आणि मेसचं बिल थकलेलं. जुलै २०२४ मध्ये शासनानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षणाची आणि परीक्षेची फी पूर्ण माफ केली, तोवर ती गेली होती. आणि फी माफ झाली तरी मेस, खोली, एसटीचं भाडं राहतंच. तिच्यासारखीला जिद्दीची भाषणं देणं हा अन्याय आहे. प्रेरणेबद्दल जे जे मी वर लिहिलं, ते पोटाची सोय लागलेल्यांसाठी आहे. आधी पैशाची अडचण आहे का ते विचारा, मग मनाचं बघा.

दुसरी एक वर्गमैत्रीण पहिलं वर्ष संपताच स्वतःहून गेली आणि नर्सिंगला लागली. तिनं जायच्या आधी सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या मावशीबरोबर आठवडाभर राहून बघितलं होतं. तिला कशापासून पळायचं नव्हतं, कुठंतरी पोचायचं होतं. ती आता उत्तम शिकते आहे. तिच्याकडं बघून मला एक खूण सापडली : ‘इथून सुटेन’ एवढंच चित्र डोळ्यांसमोर येतं की सुटल्यानंतरच्या सोमवारी सकाळी आपण काय करत असू तेही दिसतं? मला तेव्हा सोमवार दिसत नव्हता. तिला दिसत होता.

विचार पुन्हा आलाच नाही असं नाही. सातव्या सत्रात ‘रावे’ असतं, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. विद्यार्थी एका गावात राहतात, शेतकऱ्यांबरोबर काम करतात, बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, कामगंध सापळे (नर पतंगांना वासानं ओढून पकडणारे) अशी प्रात्यक्षिकं करून दाखवतात. आमच्या गटानं २०२५ च्या पावसाळ्यात हे सगळं केलं. पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून शंभर लिटरचा अर्क केला, बायकांनी रस घेऊन प्रश्न विचारले. आणि सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. ज्या रानात आम्ही सापळे लावले होते तिथं गुडघाभर पाणी, शेंगा झाडावरच कोंबारलेल्या. ज्यांच्याकडं आम्ही शिकत होतो ते काका बांधावर उभे राहून म्हणाले, “तुमच्या पुस्तकात याला काही हाय का गं?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात मला पुन्हा सगळं सोडून द्यावंसं वाटलं. पण आधीच्या विचारात आणि यात फरक होता. तेव्हा या शिक्षणाशी माझा काही संबंध नाही म्हणून जावंसं वाटायचं. आता संबंध होता, तो दुखत होता. आम्ही पंचनाम्यासाठी फोटो काढून दिले, चर काढायला हात लावला, आणि पाणी ओसरल्यावर जिथं वाफसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी झाली, तिथं हरभऱ्याचं बियाणं तपासून दिलं. विचार आपोआप मागं पडला.

आता शेवटचं सत्र चालू आहे. पुढं कीटकशास्त्रात एम.एस्सी. करायचं ठरवलंय, प्रवेश परीक्षेचा अभ्यास चालू आहे. अण्णांची सही असलेला अर्ज माझ्याकडं आहे, पण त्याचं मला आता काही वाटत नाही.

गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी खोलीवर आली होती. ‘नीट’चीच रिपीटर, निलंग्याकडची. आल्याबरोबर विचारलं, “ताई, टीसीला काय काय लागतं?” मी तिला कार्यालयातलं सगळं सांगितलं, खंडित सत्राचंही सांगितलं. शिवाय २०२४-२५ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे, तिची माहिती घे म्हटलं, म्हणजे केलेलं वाया जात नाही. मेसचे पैसे भरलेत का ते विचारलं. भरलेत. मग मॅडमकडची प्रश्नावली तिला दिली. भरताना ती एका ठिकाणी थांबली, कुठं ते मी बघितलं नाही. सोमवारी तिचे वडील येणार आहेत. कार्यालयात जायच्या आधी दोघांनी मॅडमना भेटायचं ठरलंय, वेळ मी घेऊन ठेवली आहे.